जबड्यातली गाठ आणि आपलं भांडण

हेमा,

परवा तुझ्या शोकसभेत एकामागून एक सगळे तुला मृदुभाषी म्हणाले. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, मी रडते आहे. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं, आणि ते दाखवावं अशी एकच बाई होती, तिच्याच फोटोला हार घातलेला होता. मृदुभाषी! खुर्चीत बसलेल्या माणसाला "तोंडात उंदीर मेला का रे तुझ्या?" असं विचारणारी तू. बायकोसमोर तंबाखू लपवणाऱ्याला बायकोसमोरच तोंड उघडायला लावणारी तू. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना तू कधी ना कधी खडसावलेलं होतंस. मेल्यावर माणूस असा गुळगुळीत होतो हे मला माहीत होतं. तुझ्या बाबतीत मात्र ते सहन झालं नाही.

तुझ्या पदव्याही वाचून दाखवल्या. त्या सगळ्या बरोबर होत्या. पण घरी आल्यावर मला पदव्या आठवल्या नाहीत, आपलं भांडण आठवलं. ते संपलेलं नाही, हेमा. तू मधेच उठून गेलीस.

मी गोंदियाला आले ती नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे. सांगलीची मी, पण तुझ्या लेखी नागपूरच्या पलीकडचे सगळे पुण्याचेच, म्हणून मी कायमची "पुनेवाली" झाले. तू दवनीवाड्याची, पोवारांच्या घरची, आईशी फोनवर पोवारी, पेशंटशी झाडीबोली आणि बाजारात हिंदी बोलणारी. आपण दोघींनी मिळून दवाखाना टाकला. मी दात दुरुस्त करायची. तूही करायचीस, पण तुझं खरं शिक्षण वेगळं होतं. तोंडातल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजाराचं नाव सांगायचं शिक्षण. गोंदियात त्याचं काय काम, असं लोक विचारायचे. "काही नाही, दात उपटन," असं तू सांगायचीस. मागच्या खोलीत मात्र झाकण घातलेलं ते यंत्र तू कुणाला हलवू दिलं नाहीस.

आचल आली तेव्हा रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. तुझ्या गावाच्या पुढच्या वस्तीतली, सात-आठ वर्षांची. बापाचं नाव रूपचंद, तुझ्या बाबूजींना ओळखणारा. आईने तिच्या तोंडाला ओढणी गुंडाळून आणली होती, कारण रस्त्यात लोक बघत. ओढणी सोडली तेव्हा उजवा जबडा आतून कुणी मूठ धरल्यासारखा फुगलेला दिसला. आधीच्या एका दवाखान्यात एक दाढ काढून झाली होती. गोळ्या खाऊन झाल्या होत्या. सूज थोडी उतरायची आणि परत चढायची. मी आत बघितलं. दाढा स्वच्छ होत्या, कीड कुठेही नव्हती, पण बोट लावलं की हलत होत्या. मी तुला हाक मारली.

तू स्टूल ओढून तिच्यासमोर बसलीस. "काय नाव व तुझं? शाळेत जाते का घरीच झोपा काढते?" ती लाजली. मग तू कापसाचा एक बारीक धागा काढलास आणि तिला म्हणालीस, "डोळे मीट. ओठाले लागलं का बोट वर करजो."

डावीकडे लावलास. बोट वर. पुन्हा डावीकडे. बोट वर. मग उजवीकडे. ती डोळे मिटून, बोट तयार ठेवून वाट बघत राहिली. तू पुन्हा लावलास, थोडा दाबून. ती हसत होती. खेळात आपली पाळी कधी येते याची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. तिच्या आईलाही तो खेळच वाटत होता. मी तुझ्याकडे बघितलं आणि एक्स-रेच्या तयारीला लागले.

किडलेल्या दाढेने गाल सुजतो, ठणका लागतो, तापही येतो. पण लेकराचा ओठ त्याने सहसा बधिर होत नाही. ओठ बधिर झाला म्हणजे जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेला काहीतरी धरून बसलेलं असतं. एक्स-रे काढला. उजव्या बाजूचं हाड वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखं दिसत होतं, आणि दाढा त्यात कशाच्याही आधाराविना उभ्या होत्या.

"मॅडम, आणखी एक दाढ काढा लागते का?" रूपचंदभाऊंनी विचारलं.

"दाढेचं दुखनं नाही हे, भाऊ. हाडात गाठ आहे. कॅन्सर असू शकते. उद्याच नागपूरले जा."

तू हे असं, उभ्या उभ्या, एका दमात सांगितलंस. आचलच्या आईने पोरीची ओढणी पुन्हा नीट गुंडाळली, फार हळू. रूपचंदभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, "रोवना चालू आहे. मजूर लागले आहेत. रोवना आटपला का जातो."

"रोवना भाऊ करंल, शेजारी करंल. पोरगी कोन आनून देईल?"

मी तुला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. आठवतं? मी म्हणाले, "रिपोर्ट तरी येऊ दे. इतका मोठा शब्द त्या बाईच्या अंगावर असा फेकायचा? माणसाला तयार करावं लागतं, हेमा. पायरी पायरीने सांगावं लागतं."

"कायले?" तू म्हणालीस. "तू पायरी पायरीनं सांगशील, तवपर्यंत ते घरी जातील. कोनी लेप लावंल, कोनी अजून एक दात उपटंल. भेव वाटलं तरच गाडीत बसतील. भेवाचं काम आहे म्हणून मी भेव दाखवून राहिली."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. तू त्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीने नागपूरला गेलीस, म्हणून त्या दिवशी ते तेवढ्यावर राहिलं.

आणि पहिला रिपोर्ट आला तो तुझ्या विरुद्ध. हाडाला जंतुसंसर्ग, कॅन्सरच्या पेशी नाहीत. आचलची आई स्वतः दवाखान्यात आली, पेढे घेऊन. तू बाहेर गेली होतीस. मला म्हणाली, "बाई, काही नाही निघालं. हेमाबाईले सांगा, लेकराच्या मायले असं भेव कायले दाखवते?" तोपर्यंत दवनीवाड्यातही ते पसरलं होतं. तुझ्या आईला शेजारणींनी ऐकवलं की तुझी पोरगी शिकून आली आणि गावच्या पोरीच्या जिवावर उठली. तुझ्या आईने त्या दिवशी फोन केला आणि फक्त रडली. तू ऐकून घेतलंस. पेढ्याचा पुडा तू उघडला नाहीस. फेकूनही दिला नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू पुन्हा नागपूरला गेलीस आणि गाठीतून काढलेल्या तुकड्याची काच स्वतः यंत्राखाली घालून बघितलीस. तुझे जुने सर तिथे होते. ते भले माणूस, तुझ्यावर जीव असलेले. मग तू मला जे सांगितलंस ते मी विसरणार नाही. तू त्यांना म्हणालीस की तुकडा वरवरचा आहे, गाठीच्या कडेला सूज असतेच, आतून घ्या. ते म्हणाले, "एवढ्याशा मुलीचा जबडा पुन्हा उघडायचा? कशाच्या जोरावर?" तू म्हणालीस, "सर, ओठ बधिर आहे." त्यांनी तुला समजावलं की संसर्गातही कधी कधी असं होऊ शकतं. तू पुन्हा म्हणालीस, "सर, ओठ बधिर आहे." तुझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, तिच्या आईबापाला तू तयार कर."

तू तयार केलंस. कसं केलंस ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मी एवढंच ऐकलं की तू त्यांच्या अंगणात जाऊन बसलीस, आचलच्या आईने तुला पाणीही विचारलं नाही, आणि तरी तू उठली नाहीस.

दुसऱ्या तुकड्यात ते सापडलं. लहान, गोल, गडद पेशी, एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसलेल्या. अशा दिसणाऱ्या पेशी बऱ्याच आजारांत असतात, म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या आणि मग नाव आलं, यूइंग सारकोमा. मुलांच्या हाडाचा कॅन्सर, तोही बहुधा पायाच्या नाहीतर कमरेच्या हाडात होणारा. जबड्यात इतका क्वचित की मी तो फक्त पुस्तकात वाचला होता. फोन ठेवून तू न्हाणीघरात गेलीस आणि नळ सोडलास. बराच वेळ पाणी वाहत होतं. मला वाटलं होतं, तू मला म्हणशील, बघ, मी सांगत होते. तू ओल्या तोंडाने बाहेर आलीस आणि म्हणालीस, "चल, पेशंट बसला आहे."

आचलचं पुढचं वर्ष नागपुरात गेलं. औषधांचे सलाईन, मग जबड्याचा तेवढा भाग काढणं, मग परत सलाईन. पुढे ती मोठी झाल्यावर पायातल्या हाडाचा तुकडा घेऊन जबडा भरला. ती वाचली. आज सरळ लिहून टाकते, कारण त्या वर्षात हे वाक्य उच्चारायची आपल्या दोघींची छाती नव्हती. उपचार सुरू होण्याआधी रूपचंदभाऊंनी तुझ्यापुढे हात जोडले होते, "मॅडम, पोरीले काही नका सांगू." आणि तू चक्क म्हणालीस, "बरं भाऊ." मी शेजारीच उभी होते. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आमच्या हेमालाही कुठेतरी पायरी सापडली.

इथवर असतं तर मी भांडण तिथेच सोडलं असतं. तू बरोबर होतीस. पण मग सौंदडचा तो मुलगा आला.

अंगणवाडीच्या वयाचा. दोन्ही बाजूंचे जबडे सुजलेले, आणि सूज दिवसागणिक वाढणारी. तू बघितलंस आणि मला हळूच म्हणालीस की हे वेगळं दिसतं, रक्तपेशींपासून होणाऱ्या गाठींतलं, हे औषधाने भरभर वितळतं, पण थांबायला वेळ नाही. तुझ्या डोळ्यांत आशा होती, हेमा, मी ती बघितली. पण तोंडातून आधी शब्द आला तो तोच. कॅन्सर. पोराचा आजोबा ताडकन उठला. त्याने पोराला खांद्यावर टाकलं. "आमच्या घरात असं काही नाही," म्हणाला आणि चालायला लागला. तुझं पुढचं वाक्य, औषधाने बरं होऊ शकतं हे वाक्य, जिन्यात एकटंच राहिलं.

तू गाडीने सौंदडला गेलीस. त्यांनी तुला अंगणातून परत पाठवलं. तू पुन्हा गेलीस, तेव्हा दार लावलेलं होतं. ते लोक लेप लावत राहिले. नंतर जेव्हा त्याला नागपूरला नेलं तेव्हा त्याला गिळता येत नव्हतं, श्वासही नीट लागत नव्हता. तो तिथेच गेला.

बातमी आली त्या दिवशी मी तुला बोलले. "तू आधी पाणी विचारलं असतंस, आधी म्हणाली असतीस की हा बरा होऊ शकतो, तर म्हातारा बसला असता."

"आनि थांबली असती तर आचल मेली असती."

"आचल वेगळी होती."

"कोन वेगळं आहे, हे आधी कसं कळते? सांग ना, पुनेवाली. तोंड पाहून कळते का?"

त्यानंतर बरेच दिवस आपण दुपारचा डबा वेगवेगळा खाल्ला. तू मागच्या खोलीत, मी समोर. मग एके दिवशी तू लाखोळीच्या डाळीचे वडे माझ्या टेबलावर ठेवलेस आणि समोरची खुर्ची ओढलीस. माफी तू मागितली नाहीस, मीही नाही. पण एक मी बघितलं होतं, ते तुला कधी म्हणाले नाही म्हणून आता म्हणते. त्या पोरानंतर तू प्रत्येक आईबापाला आधी बसवायला लागलीस. स्वतः उठून पाणी द्यायचीस. शब्द तोच वापरायचीस, पण त्याच्या आधी "यावर औषध आहे" असं म्हणायचीस. औषध खरोखर असेल तेव्हाच. नसेल तेव्हा नुसतं पाणी.

तुझ्या त्या कापसाच्या धाग्याने आणखी लेकरं सापडली. फार नाहीत, हा आजारच फार नाही. पण आसपासचे दातांचे डॉक्टर फोन करायला लागले, "मॅडम, दात चांगला आहे पण हलून राहिला, गाल सुजला, पाठवू का?" तू त्यांच्यावर ओरडायचीस, "आधी ओठ पाहिला का?" दात उपटण्याआधी ओठाला हात लावून बघणं या जिल्ह्यात तू सुरू केलंस असं मी म्हटलं तर तू मला गप्प करशील. म्हणून तू नसताना म्हणते.

आणि आता ते, जे लिहायला मी सकाळपासून टाळते आहे.

दिवाळीपासून तू वाळत चालली होतीस. मी विचारलं तर "शुगर" म्हणालीस. डबा अर्धा परत न्यायला लागलीस, तर म्हणालीस, "तुझ्या हातचं आता गोड लागते, पुनेवाली, साखर कमी टाक." मी पाठीला उशी दिली, तीही घेतलीस. मी दातांची डॉक्टर असले तरी डॉक्टर आहे, हेमा. मला दिसत होतं. पण समोर जी बसली होती तिचा सगळा लौकिक खरं बोलण्याचा होता. तू लपवशील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तू नागपूरला भरती झाल्यावर तुझ्या नवऱ्याचा, किशोरभाऊंचा फोन आला, तेव्हा मला कळलं की ते स्वादुपिंडात आहे, लिव्हरपर्यंत गेलं आहे, आणि तुला हे पावसाळ्यापासून माहीत होतं. किशोरभाऊ म्हणाले, "वहिनी, तिनं शपथ घातली होती. तुम्हाले तर बिलकुलच सांगायचं नाही म्हणे."

मला तर बिलकुलच नाही!

मी वॉर्डात आले तेव्हा तू पिवळी पडली होतीस. तुला बघून रडावं की तुझ्याशी भांडावं, मला ठरवता येईना. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तू म्हणालीस, "दुपारी आपन डबा खातो ना. तेवढाच टाइम मी पेशंट नव्हती. किशोरसमोर पेशंट, आईसमोर नाटक. तुझ्यासमोर मी आपली हेमा. तू मले पायरी पायरीनं पाहाले लागली असती."

माझ्या ओठांवर आलं होतं की सौंदडच्या म्हाताऱ्यालाही तेवढंच हवं असेल. आणखी थोडे दिवस नातवाचा नुसता आजोबा म्हणून राहायचं असेल. पण मी ते गिळलं. तुझा हात धरला. तुझं बोट माझ्या तळहातावर हलत होतं. तू काही सांगत होतीस की नुसतं हलत होतं, कळलं नाही. आपण त्यानंतर बोललो ते नुसतं उशी, पाणी आणि खिडकी यांच्याबद्दल.

मी चिडले आहे, हेमा. अजून चिडले आहे. जी बाई उभ्या उभ्या लोकांच्या अंगावर सत्य टाकायची, तिने मला सगळा हिवाळा साखरेच्या थापा मारल्या. आणि त्याच वेळी मला हेही कळतं की तू मला जे दिलंस ते फार मोठं होतं. शेवटच्या महिन्यांतल्या सगळ्या दुपारी. आपण हसलो होतो त्या दुपारी. मला माहीत असतं तर हसले असते का?

काल फुलचूरला तुझ्या घरी गेले. किशोरभाऊ एकटेच होते. तेवढ्यात आचल आली. इतकी उंच झाली आहे की मी आधी ओळखलंच नाही. गोंदियालाच कॉलेजात आहे. तोंडाला ओढणी नव्हती. उजवा जबडा थोडा आत गेलेला आहे, बोलताना ओठ एकाच बाजूने नीट हलतो, आणि ती ते अजिबात लपवत नाही. तिने तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"मॅडमनं मले सांगतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मले काय झालं ते. नागपूरले, पहिलं सलाईन लागायच्या आधी. माय चहा आनाले गेली होती. मी विचारलं, मी मरन का? तर मॅडम म्हने, मले मालूम नाही. इथल्या डॉक्टरायलेबी मालूम नाही. पन जे मालूम होईल ते मी तुले सांगत जाईन."

त्या "बरं भाऊ"वर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला होता.

"आनि खरंच सांगत गेल्या," आचल म्हणाली. "केस जातील ते आधीच सांगतलं. जबडा कापतील तेबी. मायले वाटे मले काहीच मालूम नाही. मी तिच्यासाठी नाटक करत होती."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पन सगळे बाहेर रडून येत आनि माझ्याजवळ येऊन हसत. मले तर त्याचंच जास्त भेव वाटे. मॅडम आल्या का बरं वाटे. म्हटलं, या खोटं नाही बोलत."

मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं, अगदी तुझ्यासारखं, आणि विचारलं, "त्या एवढ्या बिमार होत्या, तुम्हाले तर सांगतलं असंल ना त्यांनी?"

किशोरभाऊ दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणाले, "हो. सगळ्यात आधी मलाच सांगितलं."

आचलने मान हलवली. "मले वाटलंच," ती म्हणाली.